मांजराचे स्पेलिंग

लालबागच्या ज्या चाळीत माझे बालपण गेले, तेथे तिन्हीसांजेला दोन आवाज हटकून कानी पडत. एक देवापुढच्या शुभंकरोतीचा आणि दुसरा, "सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर!" असा. दोन्हींचा सूर सारखाच, दोन्हींचा वेग सारखाच. आणि खरे सांगायचे तर म्हणणाऱ्याचे दोन्हींकडे लक्षही सारखेच कमी. पहिल्याने पुण्य लाभते अशी आजीची श्रद्धा होती. दुसऱ्याने नोकरी लाभते अशी साऱ्या चाळीची.

आज मी स्वतः मास्तर आहे. मॅट्रिकच्या पुढे माझी मजल गेली नाही. कादंबऱ्या लिहितो म्हणून लोक उगाच विद्वान समजतात एवढेच. पण इंग्रजी वाचायला शिकवताना माझी विद्वत्ता एका मुलाने एका वाक्यात उतरवली. तिसरीतला मुलगा. इंग्रजीच्या पुस्तकातले अख्खे पान त्याने न अडखळता म्हणून दाखवले. मी आनंदलो, आणि त्याच पानातला एक शब्द फळ्यावर लिहून विचारले, "बाळ, हा कोणता?" तो बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "सर, हा शब्द आम्हाला फळ्यावर नाही दिला, पुस्तकात दिलाय."

त्याला वाचता येत नव्हते. त्याला पान पाठ होते. चूक त्याची नव्हती, माझीच होती. त्या दिवसापासून मला एक छंद लागला. मुंबईतले मराठी मूल इंग्रजी वाचायला शिकले तरी कसे, याची मागची पावले धुंडाळण्याचा. ती पावले गिरगावपासून परळपर्यंत जागोजाग उमटलेली आहेत.

मुंबईत एतद्देशीय मुलांसाठी शाळा आणि पुस्तके काढणारी मंडळी १८२२ साली स्थापन झाली. १८२७ पासून ती बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नावाने ओळखली जाऊ लागली. शिक्षक थोडे, मुले फार. म्हणून वरच्या वर्गातल्या हुशार मुलाने खालच्यांना घोकवून घ्यावे, ही त्या काळची रीत. याच संस्थेत बाळशास्त्री जांभेकर तयार झाले. ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी 'दर्पण' काढले, तेव्हा एका पानावर दोन स्तंभ छापले. एकात इंग्रजी, शेजारी तोच मजकूर मराठीत. वृत्तपत्राच्या इतिहासात या घटनेचे महत्त्व सर्वांना ठाऊक आहे. मास्तराच्या नजरेला मात्र त्या पानात आणखी काही दिसते. इंग्रजी वाचता वाचता अडलेल्या माणसाने नजर जरा बाजूला वळवावी, तो अर्थ आपल्या भाषेत उभाच! बाळशास्त्र्यांच्या मनात धडा देण्याचा हेतू असो वा नसो, वाचनाचा इतका सोयीस्कर धडा पुढे फार थोड्यांनी रचला.

त्यानंतर भांडण सुरू झाले. १८४०च्या दशकात बोर्ड ऑफ एज्युकेशनचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी इंग्रजीचा आग्रह धरून बसले. उलट बाजूने गिरगावचे नाना शंकरशेट उभे राहिले. नाना काही इंग्रजीचे वैरी नव्हते. पण बहुजनांपर्यंत ज्ञान पोचवायचे तर ते त्यांच्याच भाषेतून पोचेल, असे त्यांचे म्हणणे. पुढे १८५७ साली विद्यापीठ निघाले, १८५९ साली पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर त्याच पहिल्या तुकडीतले. आणि मग इंग्रजी हा वादाचा विषय न राहता पोटाचा विषय झाला.

त्या काळाची घडण मात्र ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मूल आधी मराठी इयत्ता पुऱ्या करी आणि मग 'इंग्रजी पहिली'त जाई. आमच्या आधीच्या पिढ्या 'मी इंग्रजी तिसरीत असताना' असे म्हणत, त्याचा अर्थ हा. म्हणजे रोमन अक्षर पहिल्यांदा डोळ्यांपुढे येई तेव्हा मुलगा दहा-अकरा वर्षांचा असे, आणि वाचणे म्हणजे काय हे त्याला पक्के ठाऊक असे. काळ्या खुणांतून अर्थ निघतो, हा चमत्कार त्याने मराठीत एकदा अनुभवलेला असे. नवी असे ती फक्त लिपी आणि भाषा.

अशा मुलाच्या हाती द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पडली. तर्खडकर म्हणजे कित्येक पिढ्यांचे घरचे मास्तर! आधी नियम, मग शब्द, मग मराठीचे इंग्रजी करा, इंग्रजीचे मराठी करा. त्यातली वाक्ये चमत्कारिक म्हणून पुढे विनोदी लेखकांनी त्यांची यथेच्छ थट्टा केली. पण चाळीतल्या दिव्याखाली, शिक्षकावाचून इंग्रजी शिकण्याचा दुसरा मार्ग नव्हता, हे थट्टा करणाऱ्यांनाही ठाऊक होते.

माझे आजोबा गिरणीत साचे चालवीत. १९११ साली ना. म. जोशी यांनी सोशल सर्व्हिस लीग काढली आणि पुढे गिरणगावात तिच्या रात्रीच्या शाळा नि वाचनालये उभी राहिली. १९२५ साली मुंबईत सक्तीचे प्राथमिक शिक्षण आले तेही प्रथम एफ आणि जी वॉर्डांत, म्हणजे परळ, दादर, वरळी या आमच्याच भागात. पण ते मराठी शिक्षण. इंग्रजीसाठी हायस्कुलाची फी भरावी लागे. आजोबांनी ती भरली नाही. पाळी सुटल्यावर रात्रीच्या वर्गात त्यांनी तर्खडकर गिरवले. म्हातारपणी ते इंग्रजी वर्तमानपत्राचे मथळे बोट ठेवून वाचीत आणि त्यांचे नेटके मराठी करून आम्हाला ऐकवीत. मात्र साऱ्या नोकरीत साहेबाशी एकही इंग्रजी वाक्य ते बोलले नाहीत. डोळ्यांना इंग्रजी आले होते. कानाला नि जिभेला आले नव्हते.

ही उणीव त्या काळच्या शिक्षणखात्यालाही दिसत होती. आपल्याकडे ज्यांचे व्याकरण आजही दुकानात मिळते त्या 'रेन आणि मार्टिन' जोडीतले पी. सी. रेन हे मुंबई इलाख्यात शिक्षणखात्याच्या नोकरीत होते. गंमत अशी की, 'बो जेस्त' ही वाळवंटातल्या सैनिकांची गाजलेली कादंबरी १९२४ साली लिहिणारे रेन ते हेच. (कादंबरीकार मास्तर मी एकटाच नाही, याचे मला केवढे समाधान!) मध्ये देशी भाषा न आणता इंग्रजी थेट इंग्रजीतूनच शिकवावे, या मताचा त्यांनी पुरस्कार केला. वस्तू दाखवावी, नाव घ्यावे, कृती करावी, वाक्य बोलावे. कल्पना उत्तम; पण ती राबवायला स्वतः इंग्रजी सफाईने बोलणारा शिक्षक हवा, आणि तो गावोगाव कोठून आणावा?

इकडे बंगालमध्ये डाक्क्याच्या ट्रेनिंग कॉलेजात मायकेल वेस्ट नावाचे दुसरे इंग्रज गृहस्थ अगदी निराळ्या निष्कर्षाला आले. त्यांचा १९२६ सालचा अहवाल सांगतो की, बहुतेक मुले शाळा मध्येच सोडतात. अर्धवट शिकलेले बोलणे तेथेच विरून जाते, अर्धवट शिकलेले वाचन मात्र पुढे उपयोगी पडते. म्हणून वाचन आधी शिकवावे आणि त्यासाठी मोजक्या, वारंवार येणाऱ्या शब्दांत गोष्टी लिहाव्यात. माझ्या आजोबांकडे पाहिले की वेस्टसाहेबांचे म्हणणे पटते. माझ्या वर्गातल्या त्या मुलाकडे पाहिले की ते अपुरे वाटते.

अपुरे का, ते सांगतो. मराठी अक्षराचा स्वभाव सरळ. त्याचे नाव तोच त्याचा आवाज. क, म, ळ ही अक्षरे ओळीने म्हणा, कमळ आपोआप उमलते. इंग्रजी अक्षराचे नाव एक आणि आवाज दुसरा. सी, ए, टी ही नावे कितीही भरभर म्हणून पाहा, 'सीएटी' होईल. 'कॅट' काही केल्या होणार नाही! 'डब्ल्यू' या नावात 'व' औषधालाही नाही. त्यात अक्षरे २६ आणि ध्वनी सुमारे ४४. तेव्हा एका अक्षराला दोन-दोन घरचा संसार करावा लागतो. मराठी मुलाचा अक्षरावर विश्वास असतो. 'सी ए टी कॅट' असे घोकवताना आपण त्याला विश्वासाच्या जागी पाठांतर देतो. तो आज्ञाधारक असेल तर पाठ करतो, नसेल तर ढ ठरतो. वाचायला दोघेही शिकत नाहीत.

नाव नव्हे, आवाज शिकवा, ही गोष्ट आपल्या शहराला नवी नव्हती. ताराबाई मोडकांनी १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू केले. माँटेसोरी पद्धतीत खरखरीत कागदाच्या अक्षरावरून मूल बोट फिरवते आणि त्याच वेळी त्या अक्षराचा आवाज काढते. मराठीसाठी हे दादरला होत होते. पण इंग्रजीच्या तासाला ती युक्ती फारशी कोणी नेली नाही. अमेरिकेतसुद्धा या प्रश्नावर रणे माजली. १९५५ साली रुडॉल्फ फ्लेश यांनी मुलांना वाचता का येत नाही यावर खळबळजनक पुस्तक लिहिले, आणि २००० साली तेथील राष्ट्रीय वाचन समितीने अक्षर-ध्वनींचे नाते पद्धतशीर शिकवण्याच्या बाजूने कौल दिला.

त्याच २००० साली महाराष्ट्रात काय झाले? स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेरांच्या राजवटीत इंग्रजी आठवीपर्यंत मागे गेले होते. मराठी राज्य झाल्यावर ते पाचवीत परतले. आणि २००० साली शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांनी ते मराठी शाळांत पहिलीपासून आणले. केवढा वाद झाला! कोणी म्हणाले, मराठीचा गळा घोटला; कोणी म्हणाले, गरिबाच्या पोराला न्याय मिळाला. दोन्ही पक्ष तळमळीने बोलत होते. पण आठवी की पाचवी, पाचवी की पहिली, हा एकच प्रश्न आपण पिढ्यान्‌पिढ्या लढवला. 'कितवीपासून?' यावर सभा झाल्या, 'कसे?' हा प्रश्न मास्तरांवर सोपवून मंडळी घरी गेली. आणि ज्या मास्तरांवर तो सोपवला, ते माझ्यासारखे पाचवीत 'सी ए टी' घोकलेले!

गिरणगावाला या प्रश्नाची किंमत मोजावी लागली. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि पुढे गिरण्यांचे भोंगे बंद झाले. भोंग्यावर ज्यांचा भरवसा होता त्या घरांनी तो उचलून इंग्रजीवर ठेवला. पोटाला चिमटा काढून पोरे इंग्रजी माध्यमात गेली. मराठी शाळांचे वर्ग ओस पडू लागले. त्या आईबापांना मी बोल लावणार नाही. पण घरात कोणी इंग्रजी बोलणारे नाही, आणि मराठी वाचनाचा पायाही घातलेला नाही, अशी मुले शिकवणीला माझ्यासमोर बसतात तेव्हा पोटात कालवते. त्यांना पाने पाठ असतात. मराठी पाटीही वाचता येत नाही नि इंग्रजीही नाही. आजोबांपाशी निदान एक स्तंभ भक्कम होता.

आता माझ्या वर्गाची गोष्ट पुरी करतो. 'फळ्यावर नाही दिला' म्हणणाऱ्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी विचारले, "तुला इंग्रजी शब्द किती येतात?" तो म्हणाला, "दहा." मी म्हटले, "मोजू या." बस, पेन, कप, बॅट, बॉल, नळाचा पाइप, स्टेशन, सिग्नल, ब्रिज... फळा भरला, तरी वर्ग थांबेना. लालबागच्या पोराच्या कानात शेकडो इंग्रजी शब्द अर्थासकट साठवलेले असतात. ते इंग्रजी आहेत एवढेच त्याला कोणी सांगितलेले नसते. 'बॅट', 'बॉल' लिहायला आपण अक्षरावर अर्धचंद्र काढला, आणि २००९ साली शासनाने ॲ नि ऑ यांना वर्णमालेत रीतसर पाट मांडून दिला. म्हणजे लिपीनेसुद्धा अर्धी वाट चालून दिली आहे!

मी अक्षरांची नावे बाजूला ठेवली. तीन अक्षरे लिहिली आणि पहिल्याचा 'ब्', मधल्याचा 'अ', शेवटच्याचा 'स्' एवढेच आवाज सांगितले. तो पुटपुटला; मग एकदम ओरडला, "बस! सर, ही तर आपली बस!" त्याच रीतीने कप झाला, पेन झाले. नियम मोडणारे शब्द आले तेव्हा मी सांगितले की, हे लांबचे नातेवाईक. यांना तोंडओळखीनेच ओळखायचे. मुलांनी ते हसत मान्य केले. प्रत्येक घरात असे नातेवाईक असतातच.

ही युक्ती माझी नव्हे. आवाजाची रीत ताराबाईंच्या बालमंदिरात होती, मोजक्या शब्दांची वेस्टसाहेबांपाशी, आणि शेजारी मराठी उभी करण्याची बाळशास्त्र्यांच्या पानावर. मी फक्त त्यांची गाठ घालून दिली, तीही एका मुलाने माझा फजितवाडा केल्यावर.

परवा दिवाळीच्या खरेदीला दादरला गेलो होतो. कंदिलांच्या गर्दीत तोच मुलगा आईचे बोट धरून चाललेला दिसला. मला पाहून तो लाजला, पण त्याचे डोळे दुकानांच्या पाट्यांवरून काही हलेनात. प्रत्येक पाटीवर आधी मराठी, मग इंग्रजी, असे तो ओठांतल्या ओठांत वाचीत होता. एका मोठ्या इंग्रजी पाटीपाशी अडला, तेव्हा नजर जरा वर नेऊन त्याने मराठी अक्षरे पाहिली, मान हलवली आणि पुढे निघाला. आई म्हणाली, "सर, याच्यामुळे घरी पोचायला रात्र होईल बघा."

"होऊ द्या वहिनी," मी म्हटले.