चाकावरचा आगमनकाळ

नोव्हेंबर सरत आला की मुंबई, वसई, पुणे, गोवा इथल्या अनेक चर्चमध्ये वेदीजवळ एक हिरवं कडं मांडलं जातं. त्यावर चार मेणबत्त्या असतात, बहुतेक ठिकाणी तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी एक पेटते, पुढच्या रविवारी दोन, आणि चारही पेटल्या की नाताळ दारात येऊन ठेपलेला असतो. ही ‘ॲडव्हेंट रीथ’ इतकी अंगवळणी पडली आहे, की ती आद्य ख्रिस्ती मंडळीपासून चालत आली असावी असं वाटतं. कुणी तिचं मूळ त्याही मागे, प्राचीन जर्मन टोळ्यांच्या हिवाळी सणांत शोधतात. त्याला भक्कम आधार नाही. आगमनकाळ जुना आहेच. पाचव्या शतकात फ्रान्समधल्या तूरचे बिशप पर्पेच्युअस यांनी नाताळापूर्वीच्या उपवासांचा नियम घालून दिला होता. हे कडं मात्र १८३९ सालचं, जर्मनीतल्या हॅम्बुर्गचं. तिथल्या गरीब मुलांच्या एका आश्रमात ते पहिल्यांदा उजळलं.

तो आश्रम काढणाऱ्या योहान हिन्रिश विखर्नचा जन्म १८०८ मध्ये हॅम्बुर्गलाच झाला. तो पंधरा वर्षांचा असताना वडील वारले. भावंडांत थोरला असल्यामुळे शिकवण्या करून घर चालवण्याची वेळ त्याच्यावर आली. पुढे गटिंगन आणि बर्लिनला ईश्वरविज्ञान शिकून तो परतला आणि सांक्ट गेओर्ग या वस्तीतल्या संडेस्कूलमध्ये शिकवू लागला. मुलं रविवारी येत, गात, बायबलमधल्या गोष्टी ऐकत. विखर्न तेवढ्यावर थांबला नाही, तो त्यांच्या घरी जाऊ लागला. बंदराच्या त्या श्रीमंत शहरात एकेका कोंदट खोलीत अख्खी कुटुंबं राहत होती. रविवारी शिकवलेलं सोमवारी कुठे जातं, ते त्याला तिथे दिसलं.

१८३३ मध्ये त्याने शहराबाहेर हॉर्न गावात ‘राउहेस हाउस’ उघडलं. जागा आणि जुनं शेतघर कार्ल झीव्हेकिंग या हॅम्बुर्गच्या अधिकाऱ्याने दिलं. ज्यांना शहर वाया गेलेली म्हणत होतं, ती मुलं इथे आली. त्या काळच्या सुधारगृहांसारखं त्यांना कोंडून ठेवलं नाही. दहा-बारा मुलांचं एक ‘कुटुंब’, त्यांच्यासोबत राहणारा एक तरुण ‘भाऊ’, आणि दिवसभर काम. सुतारकाम, चांभारकाम, शिवणकाम, शेती ती मुलं शिकत. नवी घरं उभारतानाही त्यांचे हात लागत.

अशा मुलांना वाट पाहणं सोपं नव्हतं. हॅम्बुर्गमध्ये डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारासच सूर्य मावळतो, सकाळी आठ वाजून गेले तरी नीट उजाडत नाही. नाताळ कधी, अजून किती दिवस, हा प्रश्न ती रोज विचारत, असं सांगतात. आयुष्यात ज्यांना शब्द देऊन कुणी पाळला नव्हता, त्यांनी तो पुन्हा पुन्हा विचारावा यात नवल नाही. विखर्नने उत्तर डोळ्यांना दिसेल असं दिलं. बैलगाडीचं असतं तसं एक लाकडी चाक घेतलं, त्यावर मेणबत्त्या बसवल्या आणि ते प्रार्थनेच्या दालनात टांगलं. रविवारसाठी मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या चार, कामाच्या दिवसांसाठी छोट्या लाल मेणबत्त्या वीस. त्या वर्षी आगमनकाळाचा पहिला रविवार १ डिसेंबरला होता. २४ तारखेपर्यंत बरोबर चोवीस ज्योती. प्रार्थनेला जमलं की रोज एक नवी पेटायची. बाहेरचा दिवस आखडत जाई आणि आतला उजेड वाढत जाई. मुलांना मोजणीही आपोआप येई.

मला या मांडणीत सगळ्यात मोलाच्या वाटतात त्या लाल मेणबत्त्या. ज्या मंगळवारी रंधा मारून हात दुखले, ज्या गुरुवारी भांडण झालं, त्याही दिवसाची एक ज्योत चाकावर होती. देव येतो तो सणाच्या दिवशी जसा, तसाच कामाच्या दिवशीही, ही शिकवण त्या मुलांना उपदेशाच्या आधी उजेडातून मिळाली. पुढे १८४८ मध्ये विटेनबर्गच्या सभेत विखर्नने जर्मन प्रॉटेस्टंट मंडळीला ठणकावून सांगितलं, की प्रीतीची सेवा हा श्रद्धेचाच भाग आहे. त्या भाषणातून तिथल्या संघटित समाजसेवेला मोठी चालना मिळाली. भाषण गाजलं, चाक त्याच्या आधीपासून तेच सांगत होतं.

१८६० च्या सुमारास चाकाभोवती फरच्या हिरव्या फांद्या गुंडाळल्या जाऊ लागल्या. राउहेस हाउसमध्ये तयार झालेले ‘भाऊ’ ठिकठिकाणच्या संस्थांत गेले, त्यांच्याबरोबर ही रीतही गेली. मग ती घराघरांत शिरली आणि तिथेच तिचा आकार बदलला. बैठकीच्या मेजावर दोन डझन मेणबत्त्यांचं चाक मावणार कसं? लाल मेणबत्त्या गेल्या, रविवारच्या चार उरल्या. १९२५ मध्ये कोलोनमधल्या एका कॅथलिक चर्चमध्ये हे कडं टांगलं गेलं, १९३० मध्ये म्युनिकमध्ये. लुथरन आश्रमातली रीत कॅथलिकांनी मनापासून आपली केली, आपल्या पूजाविधीतले जांभळा आणि गुलाबी हे रंग तिला दिले, आणि मिशनरी व स्थलांतरितांबरोबर ती जगभर पोहोचली.

चार मेणबत्त्यांची रीत सुटसुटीत आहे, सुंदरही आहे. पण तिच्यात आगमनकाळ पुन्हा रविवारपुरता झाला, आणि नेमकं तेच विखर्नला मोडायचं होतं. राउहेस हाउसमध्ये आजही मूळ पद्धतीचं चाक लावतात. आपल्या घरांतही ते सहज जमेल. नाताळाच्या आधीचा चौथा रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान येतो. तिथून २४ डिसेंबरपर्यंतचे दिवस मोजा. वर्षाप्रमाणे ते २२ ते २८ भरतील. चार मोठ्या मेणबत्त्या रविवारच्या, बाकीच्या दिवसांसाठी छोट्या मेणबत्त्या किंवा पणत्या. चाक नसेल तर परात घ्या, फर मिळत नाही तर सुरूची फांदी चालेल. आणि रोज संध्याकाळी, दिवस कसाही गेला असो, घरातल्या सगळ्यात लहान मुलाच्या हातून एक ज्योत लावून घ्या.