खिडकी उघडण्याआधी

गेल्या वर्षी आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली. सदाशिव पेठेतली जुनी चार मजली इमारत. दोन महिन्यांत जागा रिकामी करायची होती, म्हणजे चाळीस वर्षांचा माळा खाली उतरवायचा होता. त्यात सुतळीनं बांधलेला दिवाळी अंकांचा एक गठ्ठा निघाला, आजोबांचा. रद्दीवाला दारात काटा घेऊन उभा होता. आजी म्हणाली, "बाकीचे दे त्याला. 'आवाज' तेवढे राहू देत."

मला 'आवाज' ऐकून माहीत होता. घरात मोठ्यांच्या कपाटात असतो आणि लहानांनी बघायचा नसतो, इतपतच. मी सत्तावीस वर्षांचा झालो तरी आजीसमोर तो उघडायला जरा अवघडलोच. मग उघडला, आणि सामान बांधायचं राहून गेलं.

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. 'आवाज' हा मधुकर पाटकरांनी १९५१ साली मुंबईत सुरू केलेला विनोदी दिवाळी अंक. त्याचं नाव झालं ते खिडकीचित्रांमुळे. चंद्रशेखर पत्की, ज्ञानेश सोनार अशा व्यंगचित्रकारांनी ही चित्रं काढली. पानाला एक भोक किंवा झडप कापलेली असते. वरचं चित्र आणि खिडकीतून दिसणारा खालच्या चित्राचा तुकडा मिळून एक प्रसंग तयार होतो, आणि तो बहुतेक वेळा चावट असतो. तुम्ही आजूबाजूला बघता, खिडकी उघडता, आणि आत काहीतरी अगदी सोज्वळ निघतं. उघडा खांदा वाटला होता तो पैलवानाचा असतो, असा साधारण साचा. चित्रानं काहीच गैर दाखवलेलं नसतं. गैर ते सगळं तुम्ही मनात काढलेलं असतं.

मी फ्रंट-एंड डेव्हलपर आहे. वेबसाइटचा जो भाग लोकांना दिसतो आणि ज्याला ते बोट लावतात, तो भाग लिहिणं हे माझं काम. नवीन प्रोजेक्ट सुरू झाला की पहिला आठवडा 'इन्स्पिरेशन' गोळा करण्यात जातो. एका बोर्डवर सगळे जण आपापल्याला आवडलेल्या साइट्सचे स्क्रीनशॉट चिकटवतात. बक्षिसं मिळालेल्या त्याच पंधरा-वीस साइट्स प्रत्येक बोर्डवर असतात. कधी क्लायंटला 'काहीतरी भारतीय' हवं असतं, मग कोपऱ्यात वारली माणसं नाचायला लागतात. वारली चित्रांशी माझं भांडण नाही. पण त्यांचा आणि त्या पानाचा संबंध लग्नाच्या पत्रिकेवरच्या गणपतीइतकाच असतो. तो असावाच लागतो, आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही.

त्या दुपारी गठ्ठ्यापाशी बसल्यावर लक्षात आलं, की ज्याला आम्ही इंटरॅक्टिव्ह डिझाइन म्हणतो ते माझ्या आजोबांच्या कपाटात कागदावर होतं. तेही जगातली पहिली वेबसाइट १९९१ साली सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून. आधी अपेक्षा निर्माण करायची, मग वाचकाला हात लावायला लावायचा, आणि त्याच्या हातूनच ती अपेक्षा मोडायची. आमच्याकडे याला तीन वेगळी नावं आणि तीन मीटिंगा असतात.

खिडकीतली कारागिरी समजायची तर छापखान्यातला एक शब्द माहीत हवा : रजिस्टर. एकावर एक छापायच्या गोष्टी नेमक्या जागी बसल्या की रजिस्टर जुळलं म्हणतात. बहुरंगी चित्रात प्रत्येक रंग वेगळा छापला जातो. एखादा रंग जरा सरकला की ओठ गालावर जातात. खिडकीचित्रात याच्यावर आणखी एक अडचण असते. वरच्या पानाची रेघ आणि खालच्या पानाची रेघ मिळून एकच रेघ वाटली पाहिजे. कापणी थोडी हलली तरी फसवणूक उघडी पडते, आणि ती एका प्रतीत नाही, सगळ्या प्रतींत साधावी लागते. आजोबांच्या अंकांत काही खिडक्या अशा सरकलेल्या आहेत. त्या बघताना मला माझे जुने बग आठवले. माझ्या लॅपटॉपवर दोन थर तंतोतंत बसायचे आणि दुसऱ्याच्या फोनवर चार पिक्सेलनी घसरायचे.

रजिस्टर जुळवण्याचं हे काम पुण्याला नवीन नव्हतं. १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी इथे चित्रशाळा काढली. शिळाछापावर रंगीत चित्रं छापायची आणि लोकांच्या घराघरात पोचवायची. शिळाछापात प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागतो. दगडावर चरबीयुक्त शाईनं चित्र काढायचं, दगड ओला करायचा, पाणी आणि शाई एकमेकांना दूर ठेवतात म्हणून चित्र तेवढं उमटतं. मग तोच कागद पुढच्या दगडावर, पुन्हा नेमक्या त्याच जागी. चित्रशाळेतून देवादिकांची चित्रं निघाली, तशीच नाना फडणवीसांसारख्या मराठेशाहीतल्या माणसांचीही. शाळेत आपण चिपळूणकरांना निबंधमालेचे कर्ते म्हणून शिकतो. मराठी गद्याला धार लावणारा हा माणूस चित्रांच्या छापखान्यात का पडला, हे आम्हाला कुणी शिकवलं नाही. ज्यांना निबंधमाला वाचता येत नव्हती त्यांच्या भिंतीपर्यंत पोचायचा दुसरा रस्ता नव्हता, असं माझं उत्तर आहे. चित्रशाळा काढली तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते आणि १८८२ मध्ये, वयाची बत्तीस वर्षं पूर्ण होण्याआधीच गेले. माझं वय बघता हा हिशेब मी फार वेळ करत नाही.

पुढचा टप्पा दिवाळी अंकांचा. का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'नं १९०९ मध्ये दिवाळी अंक काढला, आणि पुढे वर्षातून एकदा भरपूर पानं आणि चांगलं मुखपृष्ठ ही मराठी घरांची सवय झाली. याच काळात नांगर बनवणाऱ्या कारखान्यानं १९२० साली 'किर्लोस्कर खबर' हे आपलं पत्रक काढलं, आणि त्याचं बघता बघता महाराष्ट्रभर वाचलं जाणारं मासिक झालं. संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार होते. आमच्या कंपनीचं न्यूजलेटर मी आजवर एकदाही उघडलेलं नाही, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. स्वातंत्र्याच्या आगेमागे दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांची मुखपृष्ठं म्हणजे दिवाळीचं तोरणच झालं. त्यावर बहुधा एक सुंदर स्त्री असे. ती बघायची आणि पान उलटायचं.

पुण्यात अनंत अंतरकर 'हंस', 'मोहिनी' आणि 'नवल' ही मासिकं चालवत होते. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी एका तरुण व्यंगचित्रकाराची चित्रं मुखपृष्ठावर छापायला सुरुवात केली. ते शि. द. फडणीस. जन्म १९२५ सालचा, बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावचा, शिक्षण मुंबईच्या जे. जे. मध्ये, पुढे मुक्काम पुणे. त्यांचं त्या काळातलं एक मुखपृष्ठ अजून लोकांच्या तोंडी आहे : तरुणीच्या साडीवर मांजरं आणि तरुणाच्या शर्टावर उंदीर. खाली ओळ नाही, संवाद नाही. मुखपृष्ठावर सुंदर तरुणी तर हवीच, पण आता तिच्याकडे नुसतं बघून चालत नाही. आधी तरुणी दिसते, मग नक्षी दिसते, मग ती नक्षी म्हणजे मांजरं आहेत हे कळतं. मग नजर शेजारी जाते, आणि हसू येतं. एवढा प्रवास डोळ्यांना कुणी हात धरून करवलेला नाही.

मला हे 'आवाज'च्या खिडकीपेक्षाही अवघड वाटतं. खिडकीला निदान कात्रीची मदत आहे. इथे कागद सपाट आहे आणि तरी चित्र उघडतं. आम्ही एखादं बटण लोकांना कळलं नाही की शेजारी छोटं प्रश्नचिन्ह लावतो, त्यावर बोट ठेवलं की खुलासा. फडणीसांच्या चित्राला असं प्रश्नचिन्ह लावायची सोयच नाही. शब्द नसल्यामुळे प्रत्येक वस्तूनं आपापलं काम करायचं, नाहीतर चित्रातून बाहेर जायचं.

पुढे सत्तरच्या दशकात त्यांनी बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांसाठी चित्रं काढली. व्यंगचित्रकाराला गणिताचं पुस्तक द्यायची कल्पना ज्या कुणाला सुचली त्याला साष्टांग नमस्कार. पहिलीतल्या मुलाला अजून वाचता येत नाही आणि त्याला मोजायला शिकवायचं आहे. चित्र कंटाळवाणं असेल तर मूल बघणार नाही, आणि फारच मजेशीर असेल तर मोजायचं विसरेल. या दोन्हींच्या मधल्या पट्टीवर उभं राहणं म्हणजेच इंटरफेस डिझाइन. माझ्या इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं. माझे बाबा त्या पुस्तकांवर शिकले. पाढे विसरलेत, चित्रं आठवतात.

आता खिडकीकडे परत येतो, कारण तिच्याविषयी जे खटकतं ते अजून बोललो नाही. पाचवा-सहावा अंक चाळताना मजा कमी होत गेली. आमिष दरवेळी बाईचं शरीर. वाचकाच्या मनाची गंमत केली आहे हे खरं, पण तो वाचक पुरुष आहे हे धरूनच चाललेलं असतं. मी आजीला विचारलं, "तुला राग नाही यायचा?" ती म्हणाली, "अरे, अंक घरी आला की तुझ्या आजोबांच्या आधी मीच उघडायचे सगळ्या." हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. पण माझ्या प्रश्नात तिच्याविषयी एक गृहीत होतं, तेही खिडकीसारखंच फसलं.

फसवण्याचा विषय माझ्या डोक्यात तेव्हा वेगळ्या कारणानं घोळत होता. त्याच महिन्यात ऑफिसमध्ये मी एका सबस्क्रिप्शनचं 'रद्द करा' हे पान बांधत होतो. कंपनीचं नाव सांगत नाही. 'चालू ठेवा' हे बटण मोठं आणि हिरवं. 'रद्द करा' ही ओळ फिकट करड्या रंगात, बटणासारखी न दिसणारी, आणि तिच्यानंतर आणखी तीन पानं. दुसऱ्या पानावर 'नको, मला पैसे वाचवायचे नाहीत' अशा अर्थाचं वाक्य दाबल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. मी ते व्यवस्थित बांधलं. सगळ्या फोनवर रजिस्टर जुळवलं. आकडे चांगले आले, टीमचं कौतुक झालं. मग तक्रारींच्या यादीत एका ज्येष्ठ ग्राहकाचा मेसेज वाचला : तीन महिने प्रयत्न करतोय, जमत नाही, नातू आला की करून घेईन.

३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं अशा युक्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यांना 'डार्क पॅटर्न' म्हणतात, आणि यादीत तेरा प्रकार आहेत. खोटी घाई, टोपलीत गुपचूप घातलेली वस्तू, नाही म्हणणाऱ्याला लाजवणं, सबस्क्रिप्शनचा सापळा. माझ्या चार पानांत त्यातले दोन तर उघडउघड होते.

'आवाज'ची खिडकी आणि माझं पान यांत तंत्र जवळपास एकच आहे. दोघंही माणूस आधी काय बघेल, काय समजेल, हात कुठे नेईल याचा अंदाज बांधतात आणि त्या अंदाजावर त्याला चकवतात. पण खिडकी चकवते आणि लगेच सगळं दाखवून टाकते. हसणारा आणि फसलेला माणूस एकच असतो, आणि त्याचं काही जात नाही. माझ्या पानावर फसलेल्याला आपण फसलो हे कळूच नये अशी सोय होती. हसत असलं तर दुसरंच कुणी हसत होतं. मी हे रिव्ह्यूमध्ये मांडलं, 'आवाज'चा अंक टेबलावर ठेवून. अंकाला दाद मिळाली. चारातलं एक पान गेलं, लाजवणारं. करडा रंग थोडा गडद झाला. बाकीच्याचा विचार पुढच्या तिमाहीत होणार आहे.

एक तांत्रिक गोष्ट राहिली. वेबवर खिडकीसारखं काही करायचं तर आम्ही वर्षानुवर्षं 'होव्हर' वापरत आलो : माउसचा बाण वर नेला की खालचं दिसतं. फोन आले आणि ते संपलं, कारण बोट तरंगत ठेवता येत नाही. ते टेकतं किंवा टेकत नाही. कागदाची खिडकी याबाबतीत फोनच्या जास्त जवळची आहे. उघडायची की नाही हे ठरवावं लागतं आणि उघडणारे आपणच असतो. टिकण्याचं म्हणाल तर, फ्लॅशमध्ये केलेल्या असंख्य साइट्स आणि खेळ, ज्यांच्यावर आमच्या आधीची डिझायनरांची पिढी वाढली, ते २०२० च्या अखेरीला फ्लॅश बंद झाल्यावर ब्राउझरमध्ये चालेनासे झाले. आजोबांच्या बहुतेक खिडक्या चालतात. दोन-तीन फाटल्या आहेत, त्यांना आजोबांनीच मागून पट्टी लावली आहे.

भाड्याच्या घरात गेल्यावर मी अंक नीट लावत बसलो होतो. एका अंकात एक खिडकी कोरी निघाली. कापणी अर्धवट झालेली, झडप एका कडेला पानाला चिकटून राहिलेली. इतक्या वर्षांत ती कुणी उघडलेलीच नव्हती. मी ब्लेड आणायला उठलो.

"थांब," आजी म्हणाली. चष्मा लावून तिनं पान जवळ ओढलं. "आधी सांग, आत काय असेल?"