कुत्रीचं नसबंदी ऑपरेशन : स्वस्त दवाखाना की खाजगी डॉक्टर? पैशाआधी या गोष्टी बघा

वस्तीवर राखणीला कुत्री असली की साधारण वर्षातून दोनदा तोच प्रश्न उभा राहतो. ती माजावर येते, गावभरचे कुत्रे घराभोवती गोळा होतात आणि दोन महिन्यांनी कडब्याच्या गंजीमागं पाच-सहा पिल्लं सापडतात. नर पिल्लं लोक मागून नेतात. मादी पिल्लांना कुणी विचारत नाही. मग ती पोत्यात घालून बाजारतळावर नाहीतर ओढ्याकाठी सोडली जातात. त्यातली जी जगतात ती मोकाट होतात आणि पुढं तीच शेळ्या-करडांवर पडतात.

यावर कायमचा उपाय म्हणजे नसबंदी, म्हणजे गावाकडच्या भाषेत 'पिशवी काढणं'. हे आता बऱ्याच जणांना पटलं आहे. अडतं ते पुढं. ऑपरेशन कुठं करायचं? कमी पैशातल्या दवाखान्यात की खाजगी डॉक्टरकडं? बहुतेक जण फक्त रेट विचारून ठरवतात. पण कुत्रीची तब्येत कशी आहे, पोट उघडणाऱ्याचा हात किती सराईत आहे आणि ऑपरेशनच्या रात्री काही झालं तर कोण येणार, या तीन गोष्टी रेटपेक्षा मोठ्या आहेत.

ऑपरेशनात काय करतात?

कुत्रीला पूर्ण भूल देऊन पोटावर किंवा कुशीत छेद घेतात. दोन्ही बीजांडं आणि बहुतेक वेळा गर्भाची पिशवीही काढून टाकतात. रक्ताच्या नसा दोऱ्यानं घट्ट बांधतात आणि थराथरानं टाके घालतात. नराचं ऑपरेशन वरच्या वर होतं. मादीचं मात्र पोट उघडावं लागतं, म्हणून ते जास्त जोखमीचं आणि जास्त खर्चाचं असतं.

ऑपरेशननंतर कुत्री माजावर येत नाही. पिशवीत पू होण्याचा जीवघेणा आजार टळतो. पहिल्या माजाआधी ऑपरेशन झालं तर पुढं सडांच्या गाठी होण्याचा धोकाही खूप कमी होतो. राखण मात्र ती पूर्वीसारखीच करते. फक्त अंगानं सुटण्याची शक्यता असते, त्यामुळं भाकरी थोडी बेतानं घालावी.

स्वस्त सोय कुठं कुठं मिळते?

पहिली सोय म्हणजे सरकारी दवाखाना. गावातला जिल्हा परिषदेचा पशुवैद्यकीय दवाखाना मुख्यतः गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांसाठी असतो. तिथं कुत्रीचं पोट उघडण्याइतकी सोय असेलच असं नाही. तालुक्याचं लघु पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आणि जिल्ह्याचं सर्वचिकित्सालय इथं चौकशी करावी. जिथं सोय आहे तिथं फी नाममात्र असते.

दुसरी सोय पशुवैद्यकीय महाविद्यालयाची. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. मराठवाड्यात परभणी आणि उदगीर, विदर्भात नागपूर आणि मुंबईत गोरेगाव इथंही अशी महाविद्यालयं आहेत. तिथं शिकणारी मुलं असतात म्हणून काही जण बिचकतात. पण कामावर प्राध्यापक डॉक्टरांची देखरेख असते, आणि अवघड केससाठी लागणारी तपासणीची साधनं तालुक्याच्या मानानं तिथं जास्त असतात.

तिसरी सोय प्राणी संस्थांची केंद्रं आणि शिबिरं. ही बहुतेक शहरात किंवा शहराजवळ असतात.

'स्वस्त म्हणजे कच्चं काम' हे खरं का?

सरसकट खरं नाही. जिथं रोज कुत्र्यांचीच ऑपरेशनं होतात, तिथल्या डॉक्टरचा हात बसलेला असतो. छेद लहान, वेळ कमी आणि बऱ्याच ठिकाणी विरघळणारे टाके. उलट तालुक्यातल्या खाजगी डॉक्टरांचं रोजचं काम म्हणजे गाईचं रेतन, अडलेली म्हैस, पोटफुगी. माणूस हुशार आणि पदवीधर असला तरी त्यांनी वर्षात कुत्रीची दोन-चारच पोटं उघडली असतील, तर फी जास्त दिली म्हणून काम चांगलं होईल असं धरून चालता येत नाही.

स्वस्त ठिकाणाची कमतरता दुसरीकडं असते. एका दिवसात बऱ्याच कुत्र्या असतात, त्यामुळं प्रत्येकीची रक्ततपासणी होत नाही. संध्याकाळी शिबिर उठतं, गाडी निघून जाते आणि रात्रीची जबाबदारी मालकावर येते. चांगल्या खाजगी डॉक्टरकडं आधी तपासणी होते, कुत्री पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत ठेवून घेतात आणि दुसऱ्या दिवशी तोच माणूस पुन्हा बघतो. जास्तीचे पैसे या गोष्टींचे असतात. त्या मिळणार नसतील तर जास्त पैसे देण्यात अर्थ नाही.

कोणती कुत्री कुठं न्यावी?

कमी खर्चाच्या दवाखान्यात किंवा शिबिरात नेण्यासारखी कुत्री : साधारण सहा महिने ते पाच वर्षं वयाची, खाऊन-पिऊन ठणठणीत, माजावर नसलेली, गाभण नसलेली, अंगावर गोचिडांचा थर नसलेली. गावठी तरण्या कुत्र्या बहुतेक यातच बसतात.

सगळी सोय असलेल्या खाजगी दवाखान्यात किंवा महाविद्यालयात न्यावी अशी कुत्री : सात वर्षांच्या पुढची, फार लठ्ठ, गाभण, धाप लागणारी, नुकतीच तापातून उठलेली, किंवा पगसारखी चपट्या नाकाची. या कुत्र्यांना भूल देताना जास्त सांभाळावं लागतं.

माजावर असताना पिशवीला रक्तपुरवठा वाढलेला असतो आणि रक्तस्राव जास्त होतो. म्हणून घाई नसेल तर माज संपल्यावर दोन-तीन महिने थांबतात. व्यालेली असेल तर पिल्लं दूध सोडेपर्यंत आणि सड आटेपर्यंत थांबावं. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन बाहेर पडणाऱ्या मेंढपाळांनी निघायच्या किमान पंधरा दिवस आधी हे काम उरकावं. चालत्या वाड्यात टाके सांभाळणं होत नाही.

एका बाबतीत मात्र शिबिराची वाट बघत बसू नये. माज होऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत कुत्री खायची थांबली, पाणी भरमसाट पिऊ लागली, मागच्या बाजूनं पू-रक्त दिसू लागलं किंवा पोट सुजलं, तर पिशवीत पू झालेला असू शकतो. कधी कधी पू बाहेर येतच नाही, आणि तो प्रकार जास्त घातक असतो. अशा वेळी खर्च न बघता त्याच दिवशी सोय असलेल्या दवाखान्यात न्यावं.

गोचीड तापाकडं दुर्लक्ष नको

आपल्याकडं गोठ्यात राहणाऱ्या कुत्र्यांना गोचीड ही कायमची. गोचिडांतून होणाऱ्या तापात रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट कमी होतात. माणसाच्या डेंग्यूत होतात तशाच. अशी कुत्री वरून बरी दिसते, पण ऑपरेशनमध्ये किंवा नंतर रक्त थांबत नाही. गेल्या काही आठवड्यांत ताप, नाकातून रक्त, अंगावर लाल-जांभळे ठिपके, सुस्ती असं काही दिसलं असेल तर आधी रक्त तपासून घ्यावं. शिबिरात ही सोय नसेल तर तपासणीपुरतं खाजगी डॉक्टरकडं जावं आणि रिपोर्ट घेऊन शिबिराला यावं. दोन्हीकडचा फायदा असाही घेता येतो.

खर्चाचा हिशोब पूर्ण करा

रेट गावागणिक आणि कुत्रीच्या वजनागणिक बदलतात. म्हणून आकडा ऐकला की त्यात काय काय धरलं आहे ते विचारावं : भूल, सलाईन, वेदनेची आणि इन्फेक्शनची औषधं, गळ्यातली कॉलर, टाके काढणं, रेबीजची लस. समजा, साठ किलोमीटरवरच्या केंद्रात दीड हजारात काम होतं, पण जाण्या-येण्याला टेम्पोचं भाडं दोन हजार आणि टाके काढायला पुन्हा एक खेप. मग जवळचा साडेचार हजारांचा डॉक्टर महाग पडला असं म्हणता येत नाही. वस्तीवरच्या चार-पाच जणांनी मिळून एक गाडी केली, तर मात्र तेच केंद्र खरोखर स्वस्त पडतं.

पैसे देण्याआधी हे विचारा

१. ऑपरेशन कोण करणार? भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार नोंदणी असलेल्या पदवीधर पशुवैद्यकालाच अशी शस्त्रक्रिया करता येते. रेतन करणारा किंवा गोळ्या-इंजेक्शन देणारा प्रत्येक जण 'डॉक्टर' नसतो.

२. महिन्यात कुत्र्यांची किती ऑपरेशनं होतात?

३. भुलीआधी वजन करतात का, छाती तपासतात का? भुलीचं औषध वजनावर ठरतं. अंदाजानं दिलं तर घात होऊ शकतो.

४. प्रत्येक कुत्रीला वेगळी निर्जंतुक अवजारं वापरतात का?

५. वेदना कमी करायचं इंजेक्शन देतात का? नंतर किती दिवस औषध?

६. शुद्धीवर येईपर्यंत जवळ कोण बसतं? घरी कधी सोडतात?

७. टाके विरघळणारे की काढायचे?

८. रात्री काही झालं तर कुणाला फोन करायचा? नंबर लिहून घ्यावा.

या प्रश्नांवर जो चिडतो किंवा "काही होत नाही हो" एवढंच म्हणतो, तो स्वस्त असो वा महाग, त्याच्याकडं कुत्री सोडू नये. जनावरांच्या उपचारासाठी शासनाची १९६२ ही हेल्पलाइन आहे. पण ऑपरेशनच्या रात्रीसाठी जवळच्या डॉक्टरचा नंबर हाताशी हवाच.

ऑपरेशनच्या दिवशी आणि नंतर

मोठ्या कुत्रीला आदल्या रात्रीनंतर खायला घालू नये. भुलीत उलटी होऊन ती फुप्फुसात गेली तर जीव जातो. पाणी कधी बंद करायचं आणि लहान पिल्लू असेल तर किती तास उपाशी ठेवायचं, ते डॉक्टरांना विचारावं. कुत्री मोकळी फिरत असेल तर रात्रीच बांधून ठेवावी, नाहीतर पहाटे उकिरड्यावर पोट भरून येईल. रेबीजची लस आधीच दिलेली असली तर उत्तम.

परत आणताना पोत्यात घालून किंवा मोटारसायकलवर आडवी टाकून आणू नये. गाडीत गोधडीवर, मान सरळ ठेवून, सावलीत आणावी. पूर्ण शुद्ध आल्यावर आधी थोडं पाणी, मग थोडं हलकं खाणं.

पहिल्या रात्री दोन-तीनदा उठून हिरड्या बघाव्यात. गुलाबी असतील तर ठीक. पांढऱ्या पडल्या, अंग गार लागलं, पोट फुगलं, टाक्यांतून रक्त थेंब थेंब थांबेना, तर आत रक्तस्राव असू शकतो. सकाळची वाट बघू नये, लगेच फोन करावा.

पुढचे दहा ते चौदा दिवस कुत्री कोरड्या, झाडलेल्या जागी बांधून ठेवावी. गोठ्याच्या शेणा-मुतात नको. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात कॉलर घालावी. जखमेवर हळद, राख, तंबाखू, रॉकेल काही लावू नये. माश्या बसल्या तर अळ्या पडतात, म्हणून पावसाळ्यात जास्त लक्ष द्यावं. घरातली ताप-अंगदुखीची गोळी तर अजिबात देऊ नये. माणसाची गोळी कुत्र्याला विषारी ठरू शकते, आणि मांजराला पॅरासिटामॉलनं मरण येतं.

माज थांबवायचं इंजेक्शन हा पर्याय नाही

ऑपरेशन नको म्हणून काही जण माज येऊ नये यासाठी हार्मोनचं इंजेक्शन देऊन आणतात. स्वस्त पडतं, पण त्यानं पिशवीत पू होण्याचा आणि सडांच्या गाठींचा धोका वाढतो. आज वाचलेले पैसे पुढं मोठ्या ऑपरेशनला जातात.

मोकाट कुत्र्यांचं काय?

प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीज लसीकरण ही स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी आहे. पाळलेल्या कुत्र्याची जबाबदारी मालकाची. मोकाट कुत्र्याला ऑपरेशननंतर सर्वसाधारणपणे त्याच जागी परत सोडतात आणि ओळखीसाठी कानाला खाच मारतात. आपली कुत्री मोकळी फिरत असेल तर डॉक्टरांना सांगून तिलाही खाच मारून घ्यावी आणि ऑपरेशनचा दाखला जपून ठेवावा. खूण नसेल तर पकडून नेल्यावर तिचं पोट पुन्हा उघडलं जाण्याची भीती असते.

थोडक्यात

तरणी, निरोगी कुत्री असेल, घरी पंधरा दिवस सांभाळायला माणूस असेल आणि रात्री येणारा डॉक्टर जवळ असेल, तर कमी खर्चाचा दवाखाना बिनधास्त निवडावा. वय झालेलं, आजार किंवा गोचीड तापाची शंका असेल तर चार पैसे जास्त घालून तपासणीची सोय असलेली जागा गाठावी. आणि दोन्हीपैकी काहीच लगेच जमत नसेल, तर पुढच्या माजाला साधारण तीन आठवडे कुत्री घरात बंद ठेवावी. ऑपरेशनची सोय होईपर्यंत एवढं तरी प्रत्येक मालकाला करता येतं.