जुन्या पंख्याचें मोल

जोतिबाच्या डोंगरावर वारा मागावा लागत नाहीं. चैत्री यात्रेंत उंच सासनकाठी दोरांनीं तोलून धरणाऱ्यास त्याचा जोर ठाऊक असतो. सखल शहरांत मात्र वारा विकत घ्यावा लागे. प्रथम कचेऱ्यांतून दोरी ओढणारा पंखेवाला आला. पुढें १८८० च्या दशकांत अमेरिकेंत फिलिप डील यानें शिलाईयंत्राच्या विजेच्या मोटारीस पातीं जोडून ती छतास टांगली. १८९९ सालीं कलकत्त्यांत वीजपुरवठा सुरू झाला, तो एकदिश प्रवाहाचा होता. तशा प्रवाहावरचे पंखे कार्बनच्या ब्रशांवर चालत. आजच्या घरगुती विजेवर ते तसेच जोडतां येत नाहींत.

म्हणून आजोबांचा पंखा विकूं पाहणाऱ्यानें आधीं त्याची नांवाची पट्टी वाचावी. पातीं मूळचीं व एकाच संचांतलीं आहेत काय, हें पाहावें. एक बदललें तरी तोल जातो. जुना रंग खरवडूं नये. भंगारवाला तांब्यापितळेचें केवळ वजन करतो; संग्राहक पट्टी, पातीं व मूळ रेग्युलेटर यांस मोल देतो. शिवाय १९७२ च्या कायद्यान्वयें शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तु खाजगी व्यक्तीस परदेशीं पाठवितां येत नाहीं.

एक काम मात्र कोणीहि दलाल करणार नाहीं. पंखा कोणत्या वाड्यांत, कोणत्या सालीं लागला, हें कागदावर लिहून तो पंख्याबरोबरच द्यावा. पंखा गेला तरी घराची हकीकत त्यासंगें राहील.