सोळा आणे, शंभर पैसे आणि 'निरुद्ध'

शिवाजीनगर म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे पुणे येईल. या पाठापुरते मात्र बेंगळुरूच्या शिवाजीनगरात चला. तिथले रसेल मार्केट १९२७ साली बांधले गेले. त्या काळी भाजी, मासळी, फुले सगळे रुपये, आणे, पै या हिशोबात विकले जाई. १ रुपया म्हणजे १६ आणे, १ आणा म्हणजे ४ पैसे किंवा १२ पै. म्हणून रुपयात ६४ पैसे किंवा १९२ पै.

आणे जाऊन आता कितीतरी वर्षे झाली. तरी आपण चार आणे, आठ आणे, बारा आणे म्हणतो. कन्नडमध्ये नालकाणे, एंटाणे आहेत, दखनीत चार आने, आठ आने. पण 'तीन आणे' किंवा 'सात आणे' कोणी म्हणत नाही. तिन्ही भाषांनी नेमके तेच आकडे का राखले? याचे उत्तर विभाजकांत सापडते.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि रुपयाचे १०० नवे पैसे झाले. काही वर्षे जुनी आणि नवी नाणी शेजारी शेजारी चालली. आता हिशोब करून पाहा: १०० ला १६ ने भागले तर एका आण्याचे ६.२५ नवे पैसे होतात. पाव पैशाचे नाणे नव्हते, म्हणून तक्ते छापून १ आणा = ६, २ आणे = १२, ३ आणे = १९ असे ठरवले गेले. समजा, तुम्ही एका आण्याची कोथिंबिरीची जुडी चार वेळा वेगवेगळी घेतली. तुम्ही २४ नवे पैसे दिले. तुमच्या शेजारणीने चारही जुड्या एकदम घेतल्या आणि चार आण्यांचे २५ दिले. तीन आण्यांच्या वस्तूचे उलट होई: चार वेळा १९ म्हणजे ७६, एकदम घेतल्यास बारा आण्यांचे ७५. एका पैशासाठी दुकानात हुज्जत घालणाऱ्याला कंजूष म्हणू नका. त्याचा हिशोब बरोबरच होता.

१६ चे विभाजक: १, २, ४, ८, १६. १०० चे: १, २, ४, ५, १०, २०, २५, ५०, १००. दोन्हींत असलेले: १, २, ४. म्हणजे महत्तम साधारण विभाजक, मसावि, ४. जुना रुपया आणि नवा रुपया फक्त चार समान भागांच्या कडांवर एकमेकांना तंतोतंत भेटतात: ४ आणे = २५, ८ आणे = ५०, १२ आणे = ७५, १६ आणे = १००. बोलीत टिकले ते हेच. २५ पैशांचे नाणे जून २०११ अखेर चलनातून गेले, शब्द गेला नाही.

मग असा एखादा रुपया कल्पिता येईल का, ज्यात आणा आणि नवा पैसा दोन्ही पूर्णांकात बसतील? त्यासाठी १६ आणि १०० या दोन्हींचा विभाज्य हवा. १६ × १०० = १६०० चालेल, पण तो फार मोठा आहे. लहान कसा काढायचा, हे याच कर्नाटकच्या भूमीशी जोडलेल्या एका गणितीने नवव्या शतकात सांगून ठेवले आहे. महावीराचार्य हे जैन आचार्य. त्यांच्या 'गणितसारसंग्रह' या ग्रंथात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाची स्तुती आहे. (वेरूळचे कैलास लेणे याच घराण्याचे.) अपूर्णांकांची बेरीज करताना सगळे छेद सरसकट गुणत बसू नये म्हणून त्यांनी 'निरुद्ध' सांगितला. तोच आपला लसावि. रीत अशी: छेदांचे सामाईक विभाजक काढा, भागून उरलेले भागाकार घ्या आणि या सर्वांचा गुणाकार करा.

आपल्या उदाहरणात सामाईक विभाजक ४, भागाकार ४ आणि २५. गुणाकार ४ × ४ × २५ = ४००. रुपयाचे ४०० भाग केले तर आणा २५ भागांचा, नवा पैसा ४ भागांचा, तक्त्याची गरजच नाही. अर्थात इतकी बारीक नाणी कोण पाडणार!

दशमानाने हिशोब सोपे झाले यात वाद नाही. पण १९२ ला ३ ने भाग जातो, १०० ला जात नाही. तीन भावंडांत रुपया वाटायचा तर पूर्वी प्रत्येकाला ५ आणे ४ पै मिळत आणि काहीच उरत नसे. आता ३३ पैसे देऊन एक हातात राहतो.

स्वतः करून पाहा: १९२ आणि १०० यांचा निरुद्ध काढा. उत्तर ४८०० यायला हवे.