हेर, माग, मागोवा

राजघराण्याच्या पोटातले गुपित आणि ते उकलू पाहणारी हौशी माणसे, अशा कादंबरीला आपण सरसकट ‘रहस्यकथा’ म्हणतो. ‘रहस्’ म्हणजे एकांत. एकांतात राखायचे ते रहस्य. हा शब्द दडवणाऱ्याच्या बाजूचा आहे. शोधणाऱ्याच्या बाजूचे मराठी शब्द मला अधिक मोलाचे वाटतात.

जोसेफिन टे यांची ‘द डॉटर ऑफ टाइम’ (१९५१) घ्या. स्कॉटलंड यार्डचा अ‍ॅलन ग्रँट पाय मोडून इस्पितळात खाटेला खिळला आहे. तिथे त्याच्या हाती इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचे चित्र येते. गादीपायी दोन अल्पवयीन पुतण्यांचा जीव घेतल्याचा ठपका असलेला हा राजा. ग्रँटला मात्र तो चेहरा आरोपीच्या पिंजऱ्यातला वाटत नाही, न्यायासनावरचा वाटतो. याला आपल्याकडे नेमके क्रियापद आहे : हेरणे. प्राकृतात ‘हेर’ म्हणजे पाहणे, न्याहाळणे. ‘गुप्तहेर’मधला हेर तोच. गुप्तपणा त्याला नंतर चिकटला. मुळात तो नीट पाहणारा.

हेरल्यावर येतो माग. संस्कृत ‘मार्ग’, प्राकृत ‘मग्ग’, मराठी ‘माग’. खुद्द ‘मार्ग’ची व्युत्पत्ती ‘मृग’पासून लावतात. मृग म्हणजे मुळात रानातले कुठलेही जनावर, आणि मार्ग म्हणजे त्याच्या पावलांनी उमटलेली वाट. मराठीत रस्ता ‘मार्ग’कडे गेला, उमटलेली पावले ‘माग’ने जपली. म्हणून अडचणीतून मार्ग काढतात आणि चोराचा माग. ‘मागणे’ही याच कुळातले, त्याचा जुना अर्थ शोधणे.

ग्रँटला चालता येत नाही, म्हणून ब्रेंट कॅराडाइन हा अमेरिकन तरुण त्याच्यासाठी ब्रिटिश म्युझियममधली कागदपत्रे धुंडाळतो. गुन्हे शोधणे ग्रँटचा पेशा खरा, पण इतिहासात दोघेही हौशी. रिचर्डच्या दुष्टपणाची कथा रूढ झाली ती मुख्यतः थॉमस मोर यांच्या ग्रंथामुळे. मोर यांचा जन्म १४७८चा. रिचर्ड बॉसवर्थच्या लढाईत पडला १४८५ मध्ये. म्हणजे तेव्हा मोर जेमतेम सात वर्षांचे. साक्ष ऐकीव ठरली. कुणाकडून ऐकलेली? माग जॉन मॉर्टन यांच्या दारात पोचतो. मोर लहानपणी त्यांच्याच घरी होते, आणि मॉर्टन रिचर्डचे हाडवैरी. एका जन्मसालापासून निघालेली ही पावले किती दूर नेतात!

कादंबरी रिचर्डला निर्दोष ठरवते. इतिहासकारांत मात्र त्यावर एकमत नाही. त्यामुळे ‘रहस्यभेद झाला’ असे म्हणवत नाही. ‘मागोवा’ हाच शब्द इथे खरा. मागोवा घेणारा आपले प्रत्येक पाऊल उघडे ठेवतो. निष्कर्ष न पटलेला वाचकही त्याच वाटेने पुन्हा जाऊ शकतो, कुठले पाऊल चुकले ते दाखवू शकतो. हौशी शोधकाला अधिकार मिळतो तो यातूनच.