रात्र कशी गेली? : हिमस्खलनाच्या अभ्यासाचा इतिहास

‘जिथे धूर तिथे अग्नी’ हे न्यायशास्त्रातलं अनुमान आपल्या ओळखीचं आहे. पण तेच उलटं करून बघा: ‘जिथे अग्नी तिथे धूर’. हे चुकतं, कारण धूर यायला लाकूड ओलं असावं लागतं. अशा नजरेआड राहिलेल्या अटीला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. आज आपण ही उपाधी बरोबर घेऊन आल्प्समध्ये जाऊ.

स्वित्झर्लंडमध्ये हिमस्खलनाचा प्रश्न आधी गावांचा होता. १८८१ मध्ये वनाधिकारी योहान कोआत्स यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. १९३६ साली दावोसजवळ डोंगरावर बर्फाची छोटी प्रयोगशाळा उभी राहिली. तरीही १९५०-५१ च्या हिवाळ्यात त्या देशात ९८ माणसं गेली. मग उतारांवर अडसरांच्या रांगा वाढल्या, धोक्याचे नकाशे झाले. गावं बरीच सुरक्षित झाली.

आज बळी पडतात ते बहुतेक स्वतःहून डोंगरात गेलेले लोक. आणि ते हिमस्खलन बहुतेक वेळा त्यांच्याच किंवा सोबत्याच्या वजनाने सुटलेलं असतं. म्हणजे प्रश्न बदलला. ‘बर्फ कुठे कोसळेल?’ याच्या जोडीला ‘आपण कशाच्या भरवशावर पाऊल टाकलं?’ हाही प्रश्न आला.

वसंतात तर हे फारच स्पष्ट दिसतं. दिवसा ऊन बर्फ वितळवतं, पाणी आत मुरतं, कणांची पकड सुटते. रात्री आकाश निरभ्र असेल तर पृष्ठभाग उष्णता बाहेर टाकून पुन्हा कडक गोठतो. ढगाळ रात्री ते नीट होत नाही. ‘काल उतार टिकला, म्हणून आज टिकेल’ या अनुमानाची उपाधी हीच, रात्रीचा गारठा.

म्हणून जाणकार अंधारातच निघतात. पूर्वेकडचे उतार आधी तापतात, ते आधी सोडतात. तीस अंशांहून तीव्र उतार एकेकाने ओलांडतात. बूट खोल रुतू लागले की शिखर समोर दिसत असूनही परततात. शोधयंत्र, शोधकाठी आणि फावडं प्रत्येकाजवळ असतं, कारण गाडलेल्याला पंधरा मिनिटांच्या आत काढलं तरच जगण्याची आशा चांगली असते.

पुढे गेलेल्यांच्या पाऊलखुणा आपल्याला धीर देतात. पण त्या सकाळी सातच्या असतात. आपण तिथे पोचतो अकराला.